पुण्यापेक्षा लांब नाही

वर्तमानपत्रात जे छापून येतं, त्यावर दुसऱ्या दिवशी लोक भेळ खातात. जे छापून येत नाही, ते मात्र जन्मभर सोबत राहतं. जालना रोडवरच्या एका दैनिकात मी उभी हयात बातमीदारी केली. टेंडरं उघडी पाडली, खड्ड्यांवर अग्रलेख लिहायला लावले, अब्रुनुकसानीच्या नोटिसा पचवल्या. आज त्यातलं कुणाला काही आठवत नाही! चार जुने दोस्त उस्मानपुऱ्यात चहाला जमले की फर्माईश एकच असते. "अण्णांचा तो विमानाचा किस्सा सांग."

आता तो एकटा येत नाही, ही माझी अडचण आहे. दुष्काळात टँकर दिसला की मागून हंड्यांची रांग येते, तसे त्याच्या मागून बाकीचे किस्से येतात. आणि रांगेतल्या कुणाला मागं ठेवलं तर भांडण होतं. म्हणून सगळेच सांगतो.

*

अण्णा म्हणजे आमचे वृत्तसंपादक. आजोबा भिक्षुक, वडील कचेरीत कारकून आणि अण्णांच्या हातात लाल पेन. तिन्ही पिढ्यांनी लोकांच्या चुका काढण्यातच आयुष्य घातलं, असं ते स्वतःच म्हणायचे. त्यांच्या हातून गेलेल्या मजकुरात चूक सापडली तर शहरात ती बातमी व्हायची.

अण्णांचा प्रवासाचा एक नियम होता. एका बैठकीत पुण्यापेक्षा लांब जायचं नाही. पुण्याला एसटीनं पाच-सहा तास लागतात. "त्याच्यापुढं माझी कंबर मला ओळखत नाही," असं ते सांगायचे. नातेवाइकांची लग्नं, साहित्य संमेलनं, पत्रकारांचे दौरे, सगळ्यांना ही एकच पट्टी. मुंबईचं आमंत्रण आलं की म्हणायचे, "मंडळी चांगली आहेत हो, पण पुण्यापेक्षा लांब राहतात."

कंबरेचं आम्ही ऐकून घ्यायचो. खरं कारण ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

अण्णांना एकच मुलगी, मुग्धा. इंजिनिअर झाली, लग्न केलं आणि नवऱ्यापाठोपाठ सॅन फ्रान्सिस्कोला निघाली. आमच्या गावच्या चिकलठाणा विमानतळावर तिला सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. ती पाया पडली, तर आशीर्वाद देण्याऐवजी अण्णा म्हणाले, "पुण्यापर्यंत कुठंही असलीस तर हाक मार, धावत येईन. त्याच्यापेक्षा लांब गेलीस तर मी काही यायचो नाही. लक्षात ठेव!"

रागाच्या भरात बोलून गेले. कंबरेचं कारण नंतर आलं. आणि अण्णांचा स्वभाव असा, की एकदा छापलं ते छापलं. शुद्धिपत्र द्यायचा माणूस नव्हे!

*

ते दिवस दुष्काळाचे होते. जायकवाडी तळाला गेलेली. तरी शहर मात्र फुगतच होतं. बीड बायपासला रोज नवी इमारत उभी राहत होती आणि प्रत्येक इमारतीच्या फलकावर जलतरण तलावाचं चित्र होतं! मी त्यावर संतापून तीन भागांची मालिका लिहिली. तिसऱ्या भागाच्या खाली त्याच बिल्डरची जाहिरात आली. असो.

कन्नड तालुक्यातल्या पिशोरला आमचा वार्ताहर होता भागाजी. मेंढपाळाच्या घरातला, दहा एकर खडक आणि एक मोटारसायकल बाळगून असलेला. एकदा त्यानं बातमी पाठवली, 'वस्तीवर टँकर आलाच नाही.' मी तालुक्याच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "टँकर रोज दहा वाजता पोचतो. चालकानं स्वतः सांगितलंय." मी दोन्ही बाजू लिहून कॉपी अण्णांकडं दिली.

अण्णांनी 'दहा'भोवती लाल गोल केला आणि समासात लिहिलं, 'कुणाच्या घड्याळानं?'

"अण्णा, घड्याळ कुणाचंही असो, दहा म्हणजे दहाच ना?" मी तापलो.

"सुभाष, तू बातमीदार आहेस ना? जाऊन बघून ये."

गेलो. भागाजीच्या मोटारसायकलवर मागं बसून उन्हात टँकर शोधला. शेवटी दुपार कलल्यावर तो एका ढाब्यावर सापडला. चालक बाजेवर आडवा. मी विचारलं, "वस्तीवर किती वाजता पोचता?"

"दहाला," तो शपथेवर म्हणाला. "रोज. विचारा कुणालाबी."

भागाजी केबिनमध्ये चढला आणि आतूनच ओरडला, "सुभाषभाऊ, खरं बोलतोय ओ ह्यो! हितं घड्याळात कायमचेच दहा वाजल्यात!"

डॅशबोर्डवरचं ते बंद घड्याळ आम्ही पान एकवर छापलं. तेव्हापासून अण्णांनी डेस्कवर हुकूमच काढला. बातमीत वेळ आली की कुणाच्या घड्याळानं ते लिहायचं. ऑस्ट्रेलियातली क्रिकेटची मॅच असो की लंडनचा बाजार, 'स्थानिक वेळेनुसार' लिहिलं नाही म्हणून त्यांनी माझी चांगली चांगली कॉपी तोंडावर फेकलीय.

*

त्याच उन्हाळ्यानंतर चिकलठाण्याला पाऊस पाडणारं विमान येऊन थांबलं. ढगांत मीठ फवारायचं आणि पाऊस पाडायचा, असा तो प्रयोग. पायलट गोरा, उंच आणि कमालीचा सज्जन होता. आमचा फोटोग्राफर रहीमभाई आणि मी रोज तिथं हजर. रहीमभाई आकाशाकडं बघून रोज एकच सांगायचा, "सुभाषभाई, हवाईजहाज है, पायलट है, नमक बी है. बस बादल नक्को बोल रा."

एक दिवस कन्नडच्या बाजूला ढग दिसले. भागाजी खास पिशोरहून आला होता. त्यानं मला पायलटला विचारायला लावलं, "हितून आमच्या पिशोरला किती टाइम लागंल?"

पायलटनं नकाशा बघून सांगितलं, "पंधरा मिनिटांच्या आत."

भागाजीचं तोंड उघडंच राहिलं. "पंधरा मिन्टं? आमचा टँकर परवा निघालाय, त्यो अजून वाटंतच हाय! सुभाषभाऊ, ह्याला म्हणावं, मिठाचं राहू दे. दोन हंडे भरून टाक अन् वरून सोड. आम्ही झेलतो!"

मी हे जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. पायलटनं गंभीरपणे विचार केला आणि म्हणाला, "हंडे झेलणं धोक्याचं आहे."

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी. विमानतळावर पोचलो तर धो धो पाऊस! रहीमभाई कॅमेरा शर्टात लपवून नाचत होता. मी पळत अधिकाऱ्यांकडं गेलो. म्हटलं, "अभिनंदन! आज कुठं कुठं फवारणी केली?"

अधिकारी वैतागून म्हणाले, "कसली फवारणी? दिसत नाही का तुम्हाला? एवढा पाऊस पडतोय, आज पाऊस पाडायला जाता येणार नाही!"

*

आमच्या विमानतळाबद्दल मी आयुष्यभर भांडलो. इमारत चकचकीत, काचा मोठ्या, आणि विमानं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. कुठंही जायचं तर आधी मुंबई किंवा दिल्ली. ह्यावर मी इतकं लिहिलं, की मालकांना वाटलं मला विमानात बसायची हौस आहे. नागपूरच्या अधिवेशनाला त्यांनी मला विमानाचं तिकीट काढून दिलं. रहीमभाईला एसटीचं.

नागपूर आमच्या पूर्वेला. मी विमानानं निघालो पश्चिमेला, मुंबईकडं! तिथं उतरलो तर पुढच्या विमानाला उशीर. खुर्चीत बसून दोन वर्तमानपत्रं वाचली, तिसऱ्यातल्या चुका काढल्या. शेवटी एकदाचं उडालो. थोड्या वेळानं खिडकीतून खाली बघतो तर डोंगर ओळखीचे वाटले. दौलताबादचा किल्ला! मग जालना रोड, मग आमचंच विमानतळ! ज्या गावातून सकाळी घर सोडलं, त्याच गावाच्या डोक्यावर मी दुपारी होतो!

मी हवाईसुंदरीला हाक मारून म्हटलं, "बाई, मी ह्याच गावातून आलोय. सकाळपासून मी काय केलं, तेवढं मला सांगा!"

तिनं मला पाणी आणून दिलं.

नागपूरला पोचलो तर रहीमभाई आंघोळ करून, संत्री खाऊन, पहिल्या मोर्चाचे फोटो पाठवून मोकळा झालेला. म्हणतो कसा, "आओ सुभाषभाई! पैदल आए क्या?"

*

परदेशी पाहुण्यांनाही आमच्या शहरानं सोडलं नाही. एकदा वेरूळला निघालेल्या एका वयस्क जपानी बाईंची मुलाखत मला घ्यायची होती. म्हटलं, गाडीतच बोलू. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून जातो. तो दरवाजा बांधताना सुलतानाच्या डोळ्यांपुढं हत्ती असेल, ट्रक नसावा. त्या दिवशी कडब्याचा एक ट्रक त्यात असा अडकला, की ना पुढं ना मागं. दोन्ही बाजूंनी शंभर गाड्या, आणि प्रत्येकाचा हॉर्न!

मी शरमेनं अर्धा झालो. विषय बदलावा म्हणून विचारलं, "एवढ्या लांबून आलात. प्रवासातला सगळ्यात मोठा टप्पा कोणता वाटला?"

बाईंनी पर्समधून सुई-दोरा काढला होता आणि त्या शांतपणे रुमालावर फूल भरत होत्या. म्हणाल्या, "मला अजून माहीत नाही. हा टप्पा संपला की सांगते."

*

मुग्धाला दिवस गेल्याची बातमी ऑफिसात आली, तेव्हा अण्णांनी पेढे वाटले आणि पुन्हा मान खाली घालून लाल पेन चालवायला लागले. अण्णांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, जीव मात्र थाऱ्यावर राहीना. मुग्धाची सासू अंथरुणाला खिळलेली, तिच्याकडून कुणी जाणार नव्हतं. लेकीच्या बाळंतपणाला आईनं नाही जायचं तर कुणी? आणि काकूंनी आयुष्यात क्रांती चौकसुद्धा एकटीनं ओलांडला नव्हता. अण्णा गेले तरच त्या जाणार. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "किती लांब आहे ते बघितलंस का?"

म्हणून एका संध्याकाळी आम्ही ते बघायलाच बसलो. ऑफिसात पृथ्वीचा एक जुना गोल होता. पॅसिफिक महासागरावर चहाचा डाग. रहीमभाईनं अंकाच्या गठ्ठ्याची सुतळी आणली. मी एक टोक दिल्लीवर धरलं आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर.

तिथंच भांडण पेटलं. विमान कुठून जातं? मी म्हटलं पश्चिमेकडून, युरोपवरून. रहीमभाई म्हणाला, जपानवरून जातं, त्याच्या मेहुण्याच्या मालकानं सांगितलंय. सुतळी तर म्हणत होती, सरळ उत्तर ध्रुवावरून जा!

"उत्तर ध्रुवावरून?" अण्णा आयुष्यभर एसटीनं फिरलेले. म्हणाले, "तिथं कोण पॅसेंजर मिळणार आहे?"

भागाजी डाक घेऊन आला होता. तो वाकून गोलाच्या खालून बघत होता. म्हणाला, "अण्णा, ही अमेरिका तर निम्मी आपल्या खालीच हाय की. एवढं लांबून हिंडत कशापाई जायचं?"

रहीमभाईनं लगेच पकडलं. "सही बोला! काकू की गल्ली में बोअर मारे ना, छे सौ फुट तक गए, पानी नही लगा. थोडा और मारते तो मुग्धाबेटी का किचन लगता था!"

अण्णा हसले. मग सुतळी हातात घेतली, गोलावरून उचलली आणि टेबलावर सरळ केली. वितीनं मोजली. म्हणाले, "लांब आहे रे फार."

आणि कॉपी तपासायला लागले. त्या कॉपीत त्यांच्या नजरेतून दोन चुका सुटल्या. आम्ही कुणी दाखवल्या नाहीत.

*

मुग्धा बापाचीच लेक. तिनं विचारलंच नाही. सरळ दोन तिकिटं काढून ईमेलनं ऑफिसात पाठवली. मी छापून काढली आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवली. डेस्कवर सगळे काम करत असल्याचं नाटक करत होते.

अण्णांनी चष्मा लावला. सवयीनं लाल पेन उघडलं. चिकलठाणा ते दिल्ली, दोन तास. त्यावर बारीक टिंब केलं. "हा वेगळा प्रवास. मधे उतरून चहा घेता येतो, तो धरायचा नाही." मग पुढची ओळ. पेन थांबलं.

"दिल्ली सोडणार रात्री अडीचला," ते मोठ्यानं वाचत होते. "सॅन फ्रान्सिस्को, सकाळी सहा. तारीख तीच."

पुन्हा वाचलं. बोटांवर मोजलं.

"साडेतीन तास!"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सुभाष, हे तर पुण्यापेक्षा जवळ आहे की रे!"

रहीमभाईनं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. तो कळवळून म्हणाला, "हौ अण्णा, एकदम नजदीक!"

भागाजीनं री ओढली. "लई फास्ट इमान दिसतंय."

अण्णांनी तिकिटाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "मग जायला हरकत नाही. मी बोललो होतो पुण्याचं. पुण्याच्या आतच आहे."

मला त्या रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच उस्मानपुऱ्यात काकूंकडं गेलो. अण्णा बाहेर दाढी करत होते. मी स्वयंपाकघरात शिरून हळूच म्हटलं, "काकू, घोळ झालाय. ते साडेतीन तास नाहीत. तिथली घड्याळं मागं असतात. खरं तर सोळा तास विमानात बसायचंय!"

काकू मुग्धासाठी डिंकाचे लाडू वळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मला माहीत आहे. तू गप बस."

"अहो, पण विमानात बसल्यावर त्यांना कळेल!"

"कळू दे की. तेव्हा उतरून कुठं जाणार आहेत?"

*

सगळं ठरलं आणि दोन दिवस आधी अण्णा अडून बसले. निघायच्या दिवशीच गल्लीत नळ येणार होता! ज्यांच्या शहरात रोज पाणी येतं त्यांना ह्यात काय संकट आहे ते कळणार नाही. आमच्याकडं तेव्हा आठवड्यातून एकदा नळ यायचा. लोक लग्नाचे मुहूर्त नळाचा दिवस बघून काढायचे. महापालिकेवर मी इतकं लिहिलंय, की त्यांच्या एका अधिकाऱ्यानं मला भर सभेत विचारलं होतं, "तुम्ही घरी आंघोळ तरी करता, की नुसतेच तापता?"

"पाणी न भरता घर सोडायचं? मी येत नाही," अण्णा म्हणाले.

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मुग्धाचे दिवस भरत आले होते. हे तिकीट गेलं तर पुढचं मिळेपर्यंत बाळ रांगायला लागलं असतं.

रहीमभाई पुढं झाला. "अण्णा, टाकी मैं भरता. हौद मैं भरता. पानी आने तक तुम्हारे दरवाजे पे बैठता. अल्ला कसम!"

"आणि मी हंडे भरतो," मी म्हटलं.

अण्णांनी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "तू काय भरणार? तू नळाशीसुद्धा भांडशील."

पण निघाले. चिकलठाण्याला आम्ही सगळे पुन्हा त्याच काचेच्या दारापाशी. काकूंनी लाडवांचा डबा छातीशी धरलेला. अण्णांनी कंबरेला पट्टा बांधला होता. हा माणूस एका बैठकीत सोळा तास बसणार आहे आणि त्याला ते माहीत नाही. म्हटलं, आता सांगूनच टाकावं.

"अण्णा, ते तिकिटाचं..."

"थांब," अण्णा म्हणाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "हे तुझ्याकडं राहू दे. मला तिकडं त्याचा उपयोग नाही. नळाची वेळ ह्याच्यावर बघत जा."

आणि मागं न बघता आत गेले.

*

ते पोचल्यानंतर चौथ्या दिवशी मुग्धाला मुलगी झाली. फोन ऑफिसात आला, स्पीकरवर लावला, सगळे ओरडले. मी भीत भीत विचारलं, "अण्णा, प्रवास कसा झाला?"

"बरा झाला," अण्णा म्हणाले. "दोनदा जेवायला दिलं."

बस. एवढंच. ना कंबरेचं नाव, ना तासांचं. रहीमभाई माझ्या कानात म्हणाला, "सुभाषभाई, साडेतीन घंटे में दो बार खाना?" मी त्याच्या पायावर पुन्हा पाय दिला.

रजा महिन्याची होती. ती संपत आली तसे मालक माझ्या मागं लागले. अण्णांशिवाय डेस्कचे हाल चालले होते. एका मथळ्यात आम्ही जिवंत आमदाराला श्रद्धांजली वाहिली होती, आणि आमदार हार घेऊन ऑफिसात आला होता! मालक म्हणाले, "अण्णा कधी परततात, आत्ताच्या आत्ता विचार."

सकाळची वेळ होती. अण्णांचं घड्याळ माझ्याच मनगटावर होतं. फोन लावला, स्पीकर चालू केला. मालक, रहीमभाई, भागाजी, सगळे टेबलाभोवती.

"नळ आला का?" पलीकडून पहिला प्रश्न.

"आला अण्णा. टाकी भरली. तुम्ही कधी येताय?"

"अरे, तीच तर पंचाईत झालीय." मागं बाळ रडत होतं आणि काकू काहीतरी गुणगुणत होत्या. "परतीचं तिकीट आत्ता हातातच आहे. रविवारी सकाळी इथून निघायचं आणि चिकलठाण्याला पोचायचं मंगळवारी. मंगळवारी! रविवार ते मंगळवार! सुभाष, तुला माझा नियम माहीत आहे."

मालक माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "अहो अण्णा, जाताना तुम्ही..."

"जाताना साडेतीन तास होते. म्हणून तर आलो."

"अण्णा, ते साडेतीन नव्हते हो! ते घड्याळांचं..."

"तिकिटावर छापलेलं आहे," अण्णा म्हणाले. बाळ रडायचं थांबलं होतं. त्यांनीच उचलून घेतलं असावं, कारण आवाज एकदम खाली आला. "आणि सुभाष, प्रूफ मी स्वतः वाचलंय."